टर्बो इंजिन बांधताना: आधी मोजा, मग खरेदी करा

टर्बो गाडीचं इंजिन उघडायची वेळ तुमच्यावर आली असेल, किंवा जास्त ताकद हवी म्हणून ते मुद्दाम उघडायचा विचार पक्का झाला असेल, तर पिस्टन-रॉडची ऑर्डर देण्याआधी थोडं थांबा. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत. ते चकचकीत डब्यांवर खर्च व्हावेत आणि गाडी वर्षाच्या आत पुन्हा टोइंगला लागावी, असं होऊ नये, या एकाच तळमळीने हे लिहितो आहे.

चाकणच्या कारखान्यातून निघालेली पोलो जीटी टीएसआय, छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्र्यात जोडलेल्या लॉरा, ऑक्टेव्हिया, सुपर्ब या गाड्या आता जुन्या बाजारात आवाक्यात आल्या आहेत. विशी-पंचविशीतली मुलं त्या हौसेने घेतात. आधी रीमॅप होतो, मग मोठा टर्बो बसतो आणि एखाद्या घाटात इंजिन खडखडायला लागतं. गॅरेजमध्ये गेलं की सल्ला ठरलेला असतो: ‘सगळं फोर्ज्ड टाकून घे, मग बिनधास्त मार.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ला अर्धाच आहे. घडीव भाग ओतीव भागापेक्षा चिवट असतो, यात वाद नाही. मात्र बहुतेक टर्बो इंजिनं मरतात ती चुकीच्या गॅपने, हलक्या पेट्रोलने, घाईच्या ट्यूनिंगने आणि घाणेरड्या ऑइलने. कमजोर भाग फक्त पहिला बळी ठरतो. ही कारणं तशीच ठेवून महाग भाग टाकला, तर तोही जातो. थोडा उशिरा जातो, इतकंच.

बोलायला एक इंजिन समोर असलेलं बरं, म्हणून १.८ टीएसआय घेऊ. १,७९८ सीसी, चार सिलिंडर, ८२.५ मिमी बोअर, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. लॉरामध्ये ते १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. तुमच्याकडे दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील, पण हिशेब करण्याची रीत तीच राहील.

आधी मोडलेला भाग वाचा

इंजिन उघडलं की जुने भाग भंगारात टाकण्याची घाई करू नका. कुठला भाग कुठल्या सिलिंडरचा हे मार्करने लिहा, फोटो काढा आणि कशाने काय मोडलं याचा तपास करा. या तपासाला पैसे लागत नाहीत, आणि पुढची सगळी खरेदी त्याच्यावरच ठरते.

पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली कड तुटली असेल, तर संशय नॉकिंगवर घ्या. पिस्टनचा माथा वितळून भोक पडलं असेल, तर अति उष्णता, पेट्रोलची तूट किंवा ठिणगीआधीच मिश्रण पेटणं, यांपैकी काहीतरी झालं आहे. इंजेक्टर, पेट्रोल पंप आणि प्लग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. रॉडच्या मोठ्या टोकातली वरची बेअरिंग वाटी जास्त घासली असेल, तर ज्वलनाचा मार जास्त पडतोय. खालची, म्हणजे कॅपमधली वाटी जास्त घासली असेल, तर इंजिन फार आरपीएमला फिरवलं गेलं आहे. रॉड वाकलेला असेल तर दोन शक्यता असतात: कमी आरपीएमला भरमसाट टॉर्क, किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी रेटून काढली, की पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. अशा वेळी ट्यूनरला दोष देऊन किंवा दुप्पट महाग रॉड घेऊन काय मिळणार?

जुन्या गाडीत त्या इंजिनाची खोड कोणती, हेही माहीत करून घ्या. टीएसआयच्या या कुळातल्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनच्या टेन्शनरची तक्रार जगभर झाली आणि पुढे सुधारित टेन्शनर आला. काही इंजिनांत बारीक ऑइल रिंगांमुळे ऑइल खाण्याची तक्रार होती, आणि नंतर पिस्टन-रिंगांची रचना बदलली गेली. चार घडीव पिस्टन टाकायचे आणि टेन्शनर जुनाच ठेवायचा, हा शुद्ध वेडेपणा आहे. चेन उडाली तर झडपा त्याच नव्या पिस्टनवर आदळतील.

किती ताकद, आणि कशासाठी?

दुकानदाराला ‘चांगलं काय आहे?’ असं विचारण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. चाकांना किती टॉर्क हवाय? इंजिन कमाल किती आरपीएमला फिरणार? आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे, की ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत पळवायची आहे? या तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळायला हवीत. रोज सकाळी थंड इंजिनावर कात्रज ते हिंजवडी करणाऱ्या गाडीला शर्यतीचे भाग लावले, तर आवाज, ऑइलचा खर्च आणि झीज असं तिन्ही वाढतं, आणि त्या भागांचा फायदा कधी वाट्यालाच येत नाही.

टॉर्क आणि आरपीएम वेगवेगळे का धरायचे, हे नीट समजून घ्या. रॉडवर दोन जोर येतात. एक दाबणारा, एक ओढणारा.

दाबणारा जोर ज्वलनाचा. ८२.५ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५३ चौरस सेंटीमीटर भरतं. टर्बो पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा कमाल दाब १०० बार धरला, तर एका पिस्टनवर सुमारे साडेपाच टनांचा भार येतो. बूस्ट वाढवला की हा भार वाढतो, आणि तो रॉड वाकवायला पाहतो.

ओढणारा जोर पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरा. स्ट्रोक ८४ मिमी, वेग ६,५०० आरपीएम. पिस्टन वरच्या टोकाला पोचून दिशा बदलतो, त्या क्षणी त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पटींवर जातो. म्हणजे अर्ध्या किलोचा हा ऐवज रॉडला सव्वा टनाने वर खेचतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून दाबायला गॅस नसतो, म्हणून हा सगळा ओढा रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. तेच इंजिन ७,५०० आरपीएमला नेलं, तर ओढा १,७०० किलोवर पोचतो. आरपीएम १५ टक्क्यांनी वाढले, जोर ३३ टक्क्यांनी वाढला.

गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे हे: बूस्ट रॉड वाकवतो, आरपीएम बोल्ट तोडतो. रस्त्यावरच्या गाडीत रेडलाइन कंपनीने ठेवली तिथेच राहू द्या. तुमचे पुष्कळ पैसे तिथेच वाचतील.

रॉड आणि त्याचे बोल्ट

ताकद वाढवायचीच असेल आणि पैसे मोजके असतील, तर पिस्टनआधी रॉडकडे पाहा. पिस्टनची रिंगांमधली कड तुटली तर बहुतेक वेळा ब्लॉक वाचतो. रॉड तुटला तर तो ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो आणि सगळं इंजिन भंगारात जातं.

आजच्या बऱ्याच इंजिनांत धातूच्या पावडरीपासून घडवलेले रॉड असतात. त्यांच्या मोठ्या टोकाची कॅप कापून न काढता मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते, त्यामुळे तडकलेल्या दोन्ही कडा एकमेकींत अचूक बसतात. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लागली, किंवा उलटी लागली, की तो रॉड संपला. म्हणून खोलतानाच खुणा करा.

बाजारातले चांगले रॉड ४३४० जातीच्या पोलादाचे घडीव असतात. आपल्याकडे लेथवाल्यांना त्याच तोडीचं पोलाद ईएन २४ या नावाने माहीत आहे. रॉड एच आकाराचा घ्यावा की आय आकाराचा, यावर तासन्‌तास वाद चालतात. तुम्ही त्यात पडू नका. पोलाद कोणतं, बोल्ट कोणते, पिनचं भोक आणि मोठ्या टोकाचा व्यास किती अचूक आहे, आणि चारही रॉडचं वजन एका ग्रॅमच्या आत जुळतं का, हे पाहा. खरेदी अधिकृत आयातदाराकडून, पक्क्या बिलावर करा. नामांकित बोल्टांची नक्कल बाजारात फिरते, आणि तिची परीक्षा तुमच्या ब्लॉकमध्ये होते.

बोल्ट हा रॉडचा प्राण आहे. कंपनीचे बरेच बोल्ट ठरलेल्या कोनात ताणून बसवायचे असतात. ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे. रॉड जुने ठेवून फक्त मजबूत बोल्ट टाकले, तर मोठ्या टोकाचा गोल बिघडू शकतो. बोल्ट कसून तो गोल मोजायलाच हवा. आणि बोल्टला कोणतं वंगण लावलं, यावर टॉर्क रेंचचा तोच आकडा कमी-जास्त ताण देतो. म्हणून बोल्टच्या कंपनीने सांगितलेलंच वंगण वापरा, आणि शक्य असेल तिथे बोल्ट किती लांबला हे स्ट्रेच गेजने मोजून घ्या.

पिस्टन: घडीव म्हणजे अमर नव्हे

घडीव पिस्टनांत दोन मिश्रधातू जास्त चालतात. एक ४०३२, ज्यात सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं. हा तापल्यावर कमी फुगतो, म्हणून बोअरमध्ये त्याला गॅप कमी लागतो, थंड इंजिनात खडखड कमी होते आणि झीजही कमी. दुसरा २६१८, ज्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं. हा जास्त चिवट आहे. नॉकिंगचा मार बसला तर तडकण्याआधी थोडा सोसतो. पण तो जास्त फुगतो, म्हणून गॅप जास्त ठेवावा लागतो आणि सकाळी इंजिन गरम होईपर्यंत पिस्टनचा आवाज येतो.

मग रस्त्यावर रोज चालणाऱ्या, बेताचा बूस्ट असलेल्या गाडीला काय घ्यावं? माझं स्पष्ट मत: ४०३२, किंवा ताकद फार वाढवायची नसेल तर कंपनीचा सुधारित ओतीव पिस्टन. वारंवार ट्रॅकवर जाणाऱ्या, मोठा टर्बो लावलेल्या गाडीला २६१८. फक्त फुशारकीसाठी २६१८ घेऊन रोज ट्रॅफिकमध्ये चालवू नका.

कोणताही घडीव पिस्टन नॉकिंगवरचं औषध नाही. वारंवार नॉक होणारं इंजिन घडीव पिस्टनही खातं, बेअरिंगही खातं. नॉक थांबवणं हे पेट्रोलचं, इग्निशन टायमिंगचं आणि इंटरकूलरचं काम आहे. पिस्टनकडून ते करून घेऊ नका.

ऑर्डर देताना आणखी दोन गोष्टी विचारा. ब्लॉकमध्ये पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणाऱ्या नळ्या असतील, तर नवा पिस्टन त्यांना अडतो का? आणि कॉम्प्रेशन किती होणार? १.८ टीएसआयचं मूळ कॉम्प्रेशन ९.६ ला १ आहे. एका सिलिंडरची क्षमता ४४९.५ सीसी धरली, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ५२ सीसी. कॉम्प्रेशन ९ ला १ करायचं, तर ती ५६ सीसी व्हायला हवी. फरक चार सीसीचा, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. एवढा छोटा फरक आहे, म्हणून अंदाजावर सोडू नका. ज्वलनकक्षात ब्युरेटने द्रव सोडून मोजून घ्या. आणि कॉम्प्रेशन उतरवायला जाड गॅस्केट टाकू नका. त्याने पिस्टन आणि हेड यांच्यातली कडेची फट वाढते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉक उलट वाढू शकतो. उतरवायचंच असेल तर खोलगट माथ्याचा पिस्टन घ्या. बेताचा बूस्ट असेल तर मूळ कॉम्प्रेशन ठेवलेलंच बरं.

रिंगांचा गॅप: पाच मिनिटांचं काम, इंजिनाचं आयुष्य

हा मुद्दा डोक्यात घट्ट बसवा. रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवतात, कारण रिंग तापली की लांबते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून फटही जास्त लागते. फट कमी पडली तर पूर्ण बूस्टवर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात. रिंगेला जायला जागा उरत नाही, ती बोअर खरवडते आणि पिस्टनची कड तोडते. मग ‘पिस्टन लो क्वालिटीचा निघाला’ असं म्हणायला सगळे मोकळे.

बेताच्या टर्बोसाठी वरच्या रिंगेचा चालू हिशेब असा: बोअरला ०.००४५ ते ०.००५ ने गुणा. ८२.५ मिमीला ०.३७ ते ०.४१ मिमी येतं. दुसऱ्या रिंगेची फट साधारण त्याहून किंचित जास्त ठेवतात. पिस्टनसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

मोजायची पद्धत तुम्ही स्वतः उभं राहून पाहा. रिंग ज्या सिलिंडरमध्ये बसणार, त्याच बोअरमध्ये सोडतात. उलट्या पिस्टनने ढकलून ती इंचभर खाली, अगदी सरळ बसवतात. मग फटीत फीलर गेजची पाती एकेक करून घालतात. जी पाती हलकीशी घासून जाते, तो गॅप. कमी असेल तर रिंगेचं टोक बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूकडे, एकाच दिशेने घासतात, टोक काटकोनात ठेवतात, कडेची बुरी काढतात आणि पुन्हा मोजतात. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन रिंगा. ‘डब्यातल्या रिंगा तयार गॅपच्याच असतात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला नम्रपणे सांगा, मोजूनच लावू.

बेअरिंग, ऑइल आणि लपलेली घाण

बेअरिंग आणि क्रँक यांचा एकमेकांना स्पर्श व्हायचाच नसतो. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. त्या थराला लागणाऱ्या जागेचा जुना ठोकताळा व्यासाच्या हजारांश भागाचा आहे. ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो प्रमाण. गॅप जास्त ठेवला तर ऑइल जाड लागतं आणि पंपावर ताण येतो. शर्यतीसारखा मोकळा गॅप ठेवायचा आणि वर पातळ ऑइल ओतायचं, हा आत्मघात आहे. प्लास्टिगेजचा धागा दाबून अंदाज येतो, पण खरं माप मायक्रोमीटर आणि बोअर गेजचं.

जास्त भारासाठी पोलादी पाठ, मध्ये तांब्याचा मिश्रधातू आणि वर मऊ थर असं तीन थरांचं बेअरिंग चालतं. क्रँक तडकलेला नाही ना, हे चुंबकीय चाचणीने तपासून घ्या. कंपनीचा क्रँक घडीव असेल तर तो बदलायची गरज सहसा पडत नाही. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जसारख्या कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवले जातात. तापलेलं पोलाद साच्यात दाबलं की त्याचे तंतू वळणांच्या दिशेने फिरतात, म्हणून तो चिवट होतो. असा भाग हातात असताना नवा विकत घेण्यापेक्षा तो तपासून, पॉलिश करून, बॅलन्स करून घ्यावा.

आता घाण. बेअरिंग किंवा पिस्टन फुटला की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे जातो. ब्लॉकच्या बारीक वाटा प्लग काढून ब्रशने धुतल्या पाहिजेत. ऑइल कूलर आतून पूर्ण साफ होत नाही, तो बदला. टर्बोला ऑइल नेणारी नळी नवी घाला आणि टर्बो तपासून घ्या. ऑइल पंप उघडून त्याची झीज पाहा. नव्या बेअरिंगांचा पहिल्या आठवड्यातला मृत्यू बहुतेक वेळा या चुऱ्यामुळे होतो.

थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला, मोठ्या भाराखाली ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याचा एक फटकाही पिस्टनची कड मोडू शकतो. ऑइलमधली काही रसायनं तो धोका वाढवतात, हे कळल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही प्रमाणं आली. डब्यावर गाडीच्या कंपनीची मान्यता पाहा, आणि पेट्रोल टर्बोला एसपी प्रमाणाचं ऑइल घाला. आणि चालवताना? गणपतीला कोकणात जाताना पाच माणसं, डिकी गच्च, समोर घाट, आणि सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, असं करू नका. गिअर खाली घ्या.

हेड, झडपा आणि गॅस्केट

टर्बो इंजिनात हेड उचललं जाण्याचा धोका खरा आहे, पण उत्तर नेहमीच महाग स्टडमध्ये नसतं. पोलादी पापुद्र्यांचं गॅस्केट गुळगुळीत पृष्ठभाग मागतं. हेड आणि ब्लॉक सपाट नसतील, किंवा ग्राइंडिंगच्या चऱ्या राहिल्या असतील, तर सर्वात महाग गॅस्केटही गळतं. सपाटी पोलादी पट्टी आणि फीलर गेजने तपासा. स्टड घ्या ते बूस्ट खरोखर वाढवणार असाल तर.

झडपांच्या स्प्रिंगा मात्र विसरल्या जातात. ३४ मिमीच्या इनटेक झडपेच्या पाठीवर एक बार बूस्ट म्हणजे सुमारे ९ किलोचा जोर, जो झडप उघडायला पाहतो. दमलेली स्प्रिंग मग झडप नीट मिटवत नाही. जुन्या स्प्रिंगांचा दाब मोजून घ्या. थेट फवारणीच्या इंजिनात इनटेक झडपांवर कार्बन साचतो, कारण पेट्रोल त्यांना धुत नाही. हेड उघडलंच आहे, तर तो काढून टाका.

तुमच्या पंपावर कोणतं पेट्रोल मिळतं?

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी आली. रस्त्यावरच्या पहिल्या टर्बो गाड्यांपैकी ती एक. कॉम्प्रेशन १०.२५ ला १, वर टर्बो. नॉक थांबवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारण्याची सोय होती, आणि त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची होती. टाकी रिकामी झाली की बूस्ट आवरणारी व्यवस्थाही होती. तरीही लोक टाकी भरायला विसरले, तक्रारी आल्या, आणि पुढे कंपनीनेच टर्बो काढून देण्याची सोय केली. गाडी १९६३ नंतर बंद झाली. धडा आजही तोच आहे: मालकाच्या रोजच्या आठवणीवर जगणारं इंजिन भरवशाचं नसतं.

पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही पंपांवर मिळतं. तळकोकणात किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या पंपावर ते मिळेलच असं नाही. म्हणून इंजिनाचे भाग आणि ट्यूनिंग, दोन्ही तुम्हाला प्रवासात नाइलाजाने भरावं लागेल त्या सर्वात साध्या पेट्रोलवर बेता. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला पेट्रोल जास्त फवारावं लागतं. इंजेक्टर आणि पंप तेवढं देऊ शकतात का, हे ट्यूनरकडून तपासून घ्या. जुन्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या आणि सीलही पाहा.

पैसा कुठे घालायचा

क्रम असा ठेवा. पहिला पैसा मशीन शॉपला. दुसरा बेअरिंग, गॅस्केट, नवे बोल्ट, चेन-टेन्शनर आणि ऑइल पंपाला. तिसरा रॉडला. चौथा पिस्टनला. मग इंटरकूलर, पेट्रोलची व्यवस्था आणि जाणत्या ट्यूनरची फी. आणि ठरवलेल्या रकमेतला मोठा हिस्सा शिल्लक ठेवा, कारण इंजिन उघडल्यावर नवीन काही निघतंच.

मशीन शॉप निवडताना भोसरी असो की कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, पाटीपेक्षा काम पाहा. बोअरिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट बोल्टने कसून मग होनिंग करतात का, हे विचारा. हेड कसल्यावर बोअर किंचित वाकडा होतो. प्लेट लावून होनिंग केलं तर तो कसलेल्या अवस्थेत गोल राहतो. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. आधी पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापाने त्याचा बोअर. ‘पन्नास ओव्हरसाइझ मारून ठेवतो, पिस्टन बसेलच’ असं म्हणणाऱ्याचे आभार माना आणि दुसरीकडे जा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. तुमच्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली आणि विमा उभा राहिला नाही, तर ते ओझं आयुष्यभराचं. मोठी ताकद ट्रॅकसाठी ठेवा. रस्त्यासाठी मूळ ताकदीच्या जवळपास राहणारं, पण आतून मजबूत आणि नीट मोजलेलं इंजिन बांधा.

इंजिन तयार झालं की लगेच पूर्ण बूस्ट देऊ नका. पहिले काहीशे किलोमीटर भार कमी-जास्त करत चालवा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरून पाहा. चमकणारे कण दिसले तर तिथेच थांबा, कारण अजून इंजिन वाचवता येईल.

आणि शेवटची विनंती. मिस्त्रीकडे इंजिन सोपवताना एक कोरा तक्ता द्या: चार बोअरची मापं, चार पिस्टनची, आठ रिंगांचे गॅप, रॉड आणि मेन बेअरिंगचे गॅप, रॉडची वजनं, ज्वलनकक्षांची सीसी, बोल्टचा ताण. सगळे रकाने आकड्यांनी भरून, सही करून तक्ता परत मागा, आणि तो हातात पडल्यावरच शेवटचा हप्ता द्या. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट आपलं काम समजणारं गिऱ्हाईक मिळालं म्हणून तो खूश होतो. आणि जो हा तक्ता भरायला तयार नाही, त्याच्या हातात जगातला सर्वात महाग पिस्टनही देऊ नका.